आमच्या कॅम्पातला 'घुसखोर'

मंडळी, आमच्या उल्हासनगरच्या एका पेपरने आज पहिल्या पानावर मोठा शोध लावलाय: 'शहराला घुसखोरांचा विळखा'. खाली फोटो आमच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्या बंगाली रफिकुलभाईंचा. बिचारे चहा पितायत. उरलेलं पान एका नेत्याच्या वाढदिवसाला वाहिलेलं.

सरळ संपादकांना फोन लावला. "त्यांची कागदपत्रं तरी बघितली का?"

"अरे भाई, चेहऱ्यावरूनच कळतं ना!"

वा रे पत्रकारिता! या महाशयांचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित म्हणून इथल्या कॅम्पातल्या बराकीत आले. पेपरचं ऑफिस आजही त्याच बराकीत. शेवटच्या पानावर पत्ता स्वतःच छापतात: कॅम्प नंबर चार.

मला एवढंच सांगा, तेव्हा यांच्यासारखा संपादक असता, तर आजोबांच्या फोटोखाली काय छापलं असतं?