तिकोनी कानस

"खबरदार! ग्राइंडरला हात लावाल तर!"

मिस्त्री असे ओरडले की कर्वेनगरातली कबुतरं उडाली ती थेट विश्रांतवाडीला जाऊन बसली. पटत नसेल तर कबुतरांना विचारा.

दिवस खंडेनवमीचा. आमच्या वर्कशॉपात त्या दिवशी सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू वाहायचा आणि दसरा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. मिस्त्री तर त्या दिवशी भाजी चिरायची सुरीसुद्धा उचलत नसत. वरच्या मजल्यावर नुकतीच एक सॉफ्टवेअर कंपनी आली होती. तिथली एक मुलगी प्रसादाला खाली आली, पाटावरचा चकचकीत नट तिनं पाहिला आणि "अय्या, अंगठी!" म्हणून बोटात घातला.

गेला सहज, निघेना. साबण झाला, तेल झालं. बोट वांग्यासारखं जांभळं पडलं. समोरचे डॉक्टर धावत आले, त्यांनी बोट पाहिलं. "माझ्याकडच्या कटरला एवढं जाड लोखंड झेपायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं तर रस्ता खरेदीच्या गर्दीनं तुंबलाय. लवकर काढा, नाहीतर बोट जाईल."

मालक ग्राइंडरकडे धावले, तेव्हाची ती आरोळी.

"अहो मिस्त्री, पूजा राहू द्या! पोरीचं बोट जातंय!"

"पूजेचं कोण बोलतंय? ग्राइंडरनं नट तापेल. बोट आतल्या आत भाजेल."

मग त्यांनी पाटाला हात जोडले, झेंडू बाजूला सारला आणि लोखंड घासायची आपली तिकोनी कानस उचलली.

सगळ्या आजारांवर एकच औषध देणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मिस्त्रींचं औषध कानस. "पुढं जाताना जोर, मागं येताना उचला. मागं घासलं की नुसते कानशीचे दात जातात." बायकोशी अबोला धरून मी तोंड पाडून आलो होतो, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. घरी जाऊन मी मागचं उकरणं थांबवलं आणि आमच्याकडे दीड वर्षानं पुरणपोळी झाली!

मिस्त्रींनी नट आणि बोट यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी कशीबशी सरकवली. नट पकडीत धरायला मला बसवलं. वरून पाण्याची धार. पुढं जोर, मागं उचला. दहा वेळा घासलं की थांबून नट चाचपायचे.

"काका, लवकर करा ना!" मुलगी रडत म्हणाली.

"सावकाश. लोखंड कुठं पळत नाही."

"पण माझं बोट?"

"तेही इथंच आहे."

डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. माझ्या कपाळावरून एवढा घाम गळला, की पाण्याची धार बंद केली असती तरी चाललं असतं. एक बाजू कापली. मग दुसरी. कानस पट्टीवर करकरली आणि नट दोन तुकडे होऊन फरशीवर पडला. बोट हळूहळू गुलाबी झालं.

मिस्त्रींनी कानस पुसून पाटावर ठेवली, झेंडू होता तसा लावला.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्री नव्हते. श्रावणात गेले. ती मुलगी वरून आली, दोन्ही हात पाठीमागे धरून. कानशीपुढे बराच वेळ उभी राहिली.

"आता माझं बोट अडकलं तर हो?"

"अडकवू नका," मालक म्हणाले.