खर्च वजा जाता

सर सभागृहात पडद्यासमोर येऊन उभे राहिले आणि पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेल्या तळटीपा त्यांच्या पाठीआड गेल्या. आमच्या गुंतवणूक कंपनीने किती नफा मिळवून दिला, हे ते ग्राहकांना समजावत होते. मी मागच्या रांगेत बसले होते. नफा पारखायला मला त्यांनीच शिकवलं होतं. "आकडा देखणा दिसला की त्यातून काय वगळलंय ते आधी शोध," असं ते म्हणायचे. आज त्यांच्याच आकड्यातून बुडालेल्या योजना वगळल्या होत्या, आणि आमचं शुल्कही.

पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी विचारलं, "हा नफा सगळा खर्च जाऊन हातात येणारा ना?"

"हो ताई, अगदी निश्चिंत राहा," सर म्हणाले. आवाज तोच, मला शिकवतानाचा, मायेचा.

राग येण्याआधी मला पोरकं वाटलं. खोटं बोलणारी माणसं भेटतातच. पण ज्यानं खरं ओळखायला शिकवलं, त्यानंच ते झाकावं, हे सोसत नाही. त्यानं दिलेलं शहाणपण तरी आता आपलं मानायचं का, तेही कळेनासं होतं.

मी उठले. "नाही ताई, खर्च अजून वजा व्हायचाय. बुडालेल्या योजनाही यात धरलेल्या नाहीत."

बाईंनी हातातलं पेन बंद करून पर्समध्ये टाकलं. सर लोकांकडे बघून हसले.

"नव्या आहेत या, अजून शिकताहेत."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसत होते.