विंगेतला आवाज

बोर्ली पंचतनच्या बौद्धवाडीत दरवर्षी चौदा एप्रिलला नाटक व्हायचं. मे महिन्यात वाडी बसायची ती हिशेबाला नव्हे, पुढच्या नाटकावर भांडायला. धर्मा मास्तर नाटक बसवायचे. वाडीतला संघर्ष नावाचा पोरगा तेव्हा बारा वर्षांचा. पोलिओनं डावा पाय काडीसारखा झालेला, काखेत कुबडी. त्याला काम हवं होतं. मास्तर वाईट नव्हते, पण मास्तरच ते. म्हणाले, "तू प्रॉम्प्टिंग कर बाबा. बसून करायचं काम हाय." पोरगं वही घेऊन विंगेत बसलं आणि आठ दिवसांत अख्खं नाटक त्याला पाठ झालं. ज्यांना करायचं होतं त्यांना मात्र शेवटपर्यंत झालं नाही.

प्रयोगाला सगळ्या बायका चांगली जागा धरायला पुढं धावायच्या. त्याची आई रखमा मात्र एका कडेला, विंगेला चिकटून बसायची. तिथून रंगमंच धड दिसायचाही नाही. शेजारणी हसायच्या, "रखमे, नाटक हिकडं हाय गो!" ती म्हणायची, "तुमचं आसंल. माजं पडद्यामागं हाय." कापडाआडून येणारी ती दबकी कुजबूज ऐकत ती पूर्ण नाटक काढायची आणि घरी येऊन म्हणायची, "आज तू लई ग्वाड बोल्लास."

एका वर्षी नाटकात बापाचं काम करणाऱ्याला ऐन वेळी ताप चढला. सगळं पाठ असलेला माणूस एकच होता. मास्तरांनी नाटकातल्या बापाला आजारी करून खुर्चीत बसवलं आणि एकोणीस वर्षांच्या संघर्षला मिशा लावल्या. त्या दिवशी वाडी अशी रडली, की पुढं प्रत्येक नाटकात एक खुर्ची आलीच. कधी तो न्यायाधीश, कधी जमीनदार, कधी कारखान्याचा मालक. स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळाली, मुंबईच्या एका नाटक मंडळीनं बोलावलं. दहा वर्षं हा माणूस मुंबईसाठी कुबडीसकट मांडव्याच्या लाँचमध्ये चढला आणि उतरला. हात द्यायला कोणी पुढं आलं, की म्हणायचा, "हात नको, टाळ्या द्या."

पडद्यावर मात्र त्याचं नशीब पायापाशीच अडलं. मालिकांत बोलावणी यायची, पण कशाची? देवळाबाहेरचा भिकारी, गुंडाच्या मागं उभा लंगडा. तोंड उघडायचं काम कोणी दिलं नाही. चीड येते हो सांगताना. ज्याचं सगळं आवाजात, त्याला लोकांनी पायावरून ओळखावं!

इकडं काचबिंदूनं रखमाचे डोळे चालले होते. उरलासुरला उजेडही दोन वर्षांपूर्वी गेला. तिचं एकच म्हणणं उरलं. "दिसायचं सोड. टीव्हीत तू बोल्लेलं ऐकलं ना, की माजं झालं."

आणि काम आलं. श्रीवर्धनला सिनेमाचं शूटिंग होतं. धक्क्यावर तिकिटं फाडणारा एक बाप, ज्याची मुलगी समुद्रात गेली. चांगलं पानभर बोलणं होतं. दिग्दर्शक म्हणाला, तुमच्या घरच्या भाषेत बोला. संघर्ष बोलला. एका दमात झालं. कॅमेऱ्यामागची माणसं डोळे पुसत होती. घरी येऊन त्यानं ते पानभर बोलणं आईला म्हणून दाखवलं नाही. म्हणाला, "आता टीव्हीतच ऐक."

सात महिन्यांनी फोन आला. निर्मात्याचा माणूस होता. उच्चार फार गावठी वाटतात, म्हणून दुसऱ्या नटाचा आवाज घेतलाय. राग मानू नका, असं चालतंच. पाय मात्र त्यांनी त्याचाच ठेवला होता. संघर्षनं फोन ठेवला आणि बायकोला, जयमालाला सांगितलं. आईला सांगायला त्याची जीभ उचलेना.

सिनेमा टीव्हीवर लागला तो एका रविवारी दुपारी. रखमा ठेवणीतलं लुगडं नेसली. शेजारपाजार घरात मावेना. संघर्ष म्हणाला, "मला आपलं दारात बरं, वारा लागतो." आणि सगळ्यांच्या मागं, उंबऱ्याजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. रिमोट जयमालाच्या हातात होता.

धक्का आला. कॅमेरा कितीतरी वेळ त्याच्या पायावर रेंगाळला. मग चेहरा आला, ओठ हलणार तेवढ्यात जयमालानं आवाज बंद केला. आणि दारातून संघर्ष बोलू लागला, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांवर नजर ठेवून.

"सायब, रोज तिकिटं फाडतो मी. समद्यांना पलीकडं धाडतो, समदी सांजच्याला परत येतात. माजी पोर तेवढी आली न्हाय. तिचं तिकीट अजून माज्या खिशात हाय. फाडू कसं?"

सगळ्यांना कळलं होतं, पण शेजाऱ्यांपैकी एकानंही मान वळवली नाही. वाडीनं आयुष्यात एकदा तरी शहाणपणा केला म्हणायचा. बोलणं संपलं, चित्र बदललं, जयमालानं आवाज परत मोठा केला. आता कोणी दुसरंच बोलत होतं, समुद्र गाजत होता.

मग तिचं लक्ष सासूकडं गेलं. रखमाची पाठ टीव्हीकडं होती. ती दाराकडं तोंड करून, हात मांडीवर जुळवून बसली होती. केव्हा वळली होती, कुणास ठाऊक.

जयमाला हळूच म्हणाली, "आये, टीव्ही हिकडं हाय."

"ठाव हाय गो मला," रखमा म्हणाली. "माजं नाटक पडद्यामागंच असतं." मग दाराच्या दिशेनं म्हणाली, "आज लई ग्वाड बोल्लास, बाबा."

खुर्चीत बसून हजारदा खोटं रडलेला तो माणूस. स्टुलावरून उठायला त्यानं कुबडी चाचपली, पण ती त्याच्या हाताला लागेना.