निजामाच्या बाजूला बसणारा

सगळ्यांना मराठेच पाहिजे असतात. उदगीरच्या लढाईचा देखावा मांडलाय म्हटलं, की घरी येणारा प्रत्येक जण, सोयरा असो की दुकानातलं गिऱ्हाईक, भगव्या निशाणाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शिपाई बोटाएवढे, घोडे मुठीएवढे. पण बाजू घ्यायची म्हटली की माणूस लगेच मिशीला पीळ देतो. निजामाकडून बसायला कुणी तयार नसतं. माझ्या उभ्या आयुष्यात तसा एकच माणूस भेटला आणि तो आता राहिला नाही.

माझं लातूरला औषधांचं दुकान आहे. छंद म्हणाल तर जुन्या फौजांचे लहान पुतळे जमवायचे, रंगवायचे आणि काचेच्या कपाटात उभे करायचे. बायको याला माझी भातुकली म्हणते. म्हणू द्या. तिच्या चांदीच्या भांड्यांना मी कधी काही म्हटलंय का?

तो मला उदगीरच्या किल्ल्यात भेटला. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि हातात टेप. किल्ल्याचा दरवाजा मोजत होता. मला वाटलं, सरकारी माणूस असेल. विचारलं, "सर्व्हे करून राहिले का?"

"न्हाई हो. दार केवढं करावं ते बघून राहिलो. माझा हत्ती अडकंल."

मी म्हटलं, आली का पंचाईत, खुळा दिसतोय. पण त्याने मोबाईलमधला फोटो दाखवला आणि मी तो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. अंबारी घातलेला हत्ती, दोन वीत उंच, झुलीवर केसाएवढी जर काढलेली. गडी मूळचा देगलूरचा, नांदेडला आडत दुकान होतं. किल्ल्याबाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता कळलं, की त्याच्या घरी हत्ती आहे आणि माझ्या घरी घोडे. मग आम्हाला कोण आवरणार!

त्याच बाकड्यावर लढाई मांडायचं ठरलं. बाजू वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा मी मनात म्हटलं, आता इथंच जुंपणार. पण तोच म्हणाला, "मराठे तू घे."

"आणि तू?"

"निजाम. कुणीतरी हरायला पाहिजे ना. दोघं बी जिंकाय बसलो तर लढाई व्हायची कशी?"

तेव्हापासून मी त्याला नवाब म्हणू लागलो आणि तो मला सरकार.

आपल्या मुलखातल्या फौजा बाजारात तयार मिळत नाहीत. परदेशातून कुरियरने फ्रेंच, इंग्रज शिपाई येतात. त्यांच्या टोप्या कापायच्या, पुट्टीची पगडी बांधायची, कोटाचा अंगरखा करायचा. माझे मराठे जरा ओबडधोबड व्हायचे. त्याचे रोहिले मात्र बघत बसावं असे. एकेकाच्या कमरपट्ट्याला वेगळा रंग. मी चिडवायचो, "अरे नवाब, मरायलाच आणतोस ना यांना? मग एवढं नटवतोस कशाला?"

"हरणाऱ्याचे कपडे चांगले पाहिजेत, सरकार. जिंकणाऱ्याकडं तर सगळे बघतेतच."

लढाई दसऱ्याला. दुसरा दिवस आम्हाला चालायचाच नाही. प्लायवूडचा पट दोन भागांत केला होता. एक नांदेडला त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तो दसऱ्याच्या आधी एसटीने यायचा. आंब्याच्या पेट्यांत गवत भरून, त्यात फौज निजवलेली. एकदा कंडक्टरने विचारलं, पेटीत काय हाय? हा म्हणाला, निजामाची फौज. कंडक्टर म्हणाला, मग फुल तिकीट लागंल. हा किस्सा त्याने मला इतक्यांदा सांगितला, की त्या कंडक्टरचा चेहरा मी कधी न बघता ओळखू शकेन.

खंडेनवमीला त्या इवल्या तलवारींची पूजा व्हायची. आगपेटीच्या काडीने एकेका पात्याला हळदकुंकू लावायचं. बायको दारात उभी राहून कपाळावर हात मारायची आणि मग स्वतःच आरतीचं ताट घेऊन यायची. दसऱ्याला दुपारी वरच्या खोलीत दोन्ही पट जोडले जायचे. त्याची खुर्ची खिडकीकडे, माझी दाराकडे. शेवट ठरलेलाच होता, इतिहास काय आम्ही बदलणार होतो थोडाच! तरी हत्ती मागे हटेपर्यंत तो जीव तोडून लढायचा. हत्ती हटला की मी उभा राहून ओरडायचो, "हर हर महादेव!"

तो हात जोडायचा. "बघा हो वहिनी, देव माझा अन् वरडतो हा! घोर कलियुग."

आणि खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवायचा. "घ्या, सरकार. सोनं लुटा." आमच्या घरचा दसरा त्या पानाशिवाय झाला नाही.

माझ्या फौजेच्या मधोमध पुढे एक घोडेस्वार असायचा. तो बाकीच्यांपेक्षा मोठा, वीतभर उंच. त्याला आम्ही सरदार म्हणायचो. माझ्या हातून घडलेला तोच एक पुतळा नवाबाच्या तोडीचा उतरला होता. गेल्याच्या गेल्या दसऱ्याला आवराआवर करताना तो खाली पडला आणि त्याचा भाला मोडला. माझा चेहरा पडलेला पाहून नवाब म्हणाला, "दे इकडं. सायकलच्या आऱ्याचा भाला बसवतो. जल्मात मोडणार न्हाई." आणि निजामाच्या पेटीत, रोहिल्यांच्या शेजारी, माझा सरदार नांदेडला गेला.

पुढच्या दसऱ्याला तो आलाच नाही. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. फोनवर म्हणाला, "यंदा तह समज." मी हसलो. मला वाटलं, आजार म्हणजे ऑपरेशनपुरता. नंतर उन्हाळ्यात भेटायला गेलो आणि दारातच माझे पाय थांबले. सदरा तोच होता, पण आतला माणूस अर्धा राहिला होता.

पलंगासमोरच्या फळीवर सरदार उभा होता. नवा भाला झकास बसवलेला, वर त्याने स्वतःच्या हाताने बारीक निशाण लावलेलं. मी वेड्यासारखं बोलून गेलो, "नवाब, यंदा तू जिंक. आपण शेवट फिरवू."

असा भडकला म्हणता! "मरणाऱ्यावर दया करून राहिला का? इतिहास हाय तसाच ठेव. मी हरायला बसलो हाय, हरूनच उठंन." खोकला आला, पाणी प्यायला, मग नरम झाला. "दसरा कवा हाय?"

मी सांगितलं.

"डॉक्टर कायबी म्हणू दे. मला यंदाचा दसरा गाठायचाय. हरायला येणार म्हणजे येणार. सरदाराला तवाच घेऊन येतो."

मी निघताना सरदार मागून घेऊ शकलो असतो. मुद्दामच नाही घेतला. म्हटलं, परत द्यायची वस्तू जवळ असली की माणूस येतो. बसमध्ये सबंध रस्ताभर मी तेच मनाला समजावत होतो.

पोळा झाला आणि नांदेडहून त्याच्या मुलाचा फोन आला. खरं सांगतो, रडण्याच्या आधी मला रागच आला. अरे लबाडा, शब्द दिला होतास ना! दसरा कुठे लांब होता?

मी पोचलो तेव्हा त्याला बसवलं होतं. त्यांच्या लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत. मांडी घालून, विभूती लावून, फुलांत सजवून नेतात आणि तसंच बसवून पुरतात. समाधीच्या खड्ड्यात त्याला उतरवलं, मठपतींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. मी बघत होतो. पटासमोर तो अगदी असाच बसायचा, पाठ ताठ आणि नजर खाली.

मग मुलगा पुढे आला. चांगला मोठा माणूस, आता आडत तोच बघतो; पण रडून रडून चेहरा लहान पोरासारखा झाला होता. त्याने रुमाल सोडला. आत माझा सरदार होता.

"बाबांचा लई जीव होता ह्याच्यावर," तो मठपतींना म्हणाला. "शेवटी शेवटी दुसरं कायबी मागत नव्हते. संगं ठेवावं म्हणतो."

कुणीतरी म्हातारा म्हणाला, "ठेव की. महादेवाचं नाव घेणारा शिपाई हाय. निजामाचा थोडाच हाय?"

माझ्या तोंडाशी आलं होतं: अरे बाळा, तो त्याचा नाही रे, माझा आहे. तुझा बाप निजामाकडचा. ठेवायचाच तर हत्तीवरचा ठेव, नाहीतर एखादा रोहिला ठेव, ज्याचा कमरपट्टा त्याने डोळे फोडून रंगवला. पण त्या मुलाकडे बघितलं आणि मी मागे सरकलो. सरदार नवाबाच्या मांडीजवळच्या कोनाड्यात गेला, भाला वर करून. बेलाची पानं पडली, मीठ पडलं, माती पडली आणि सगळ्यांनी एकदम आरोळी दिली, "हर हर महादेव!"

दरवर्षी ती आरोळी देणारा मी. त्या दिवशी मी नुसते हात जोडले.

नंतर त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी त्याच्याकडचा पट आणि पेट्या बांधून ठेवल्या होत्या. "घेऊन जा, भाऊजी. तुमचंच हाय आता. मला धूळ पुसायला घेतलं की रडू येतंय." हत्ती त्यांनी स्वतःच्या लुगड्यात गुंडाळला होता. मग सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "त्या घोडेस्वाराचं काय याड लागलं होतं कुणास ठाऊक. सकाळी पूजा झाली की हातावर घेऊन बसायचे. एकदा मी आतून ऐकलं. हळूच म्हणले, हर हर महादेव. मग खिडकीकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून."

मी म्हटलं, "हाव का?" इतकी वर्षं हा माणूस हसत हरत होता आणि त्याच्याही मनात ती आरोळी होती. मला कधी बोलला नाही. बोलला असता तर मी ऐकलं असतं का, हे मात्र मला सांगता येणार नाही.

परवा दसरा झाला. मी वरच्या खोलीत दोन्ही पट जोडले. मराठे मांडले, पुढे मधोमध सरदाराची जागा मोकळी ठेवली. नवा करता आला असता, हात धजला नाही. मग पेट्या सोडून निजामाची फौज मांडली, एकेक रोहिला गवतातून काढून पुसून. हत्ती शेवटी. बायको म्हणाली, शेजारच्या मास्तरांना बोलवा. मास्तर आले, खुशीत हात चोळत म्हणाले, "वा! मला मराठे द्या बरं का." मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग पटाला वळसा घालून खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो. त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. तिथून सगळे भाले आपल्याच अंगावर येताना दिसतात. मी पटावरचा एकेक मोहरा सरकवत गेलो, रीतीप्रमाणे लढलो आणि शेवटी माझ्या हाताने हत्ती मागे घेतला. खिशातून आपट्याचं पान काढलं, सोनं द्यायला हात पुढे केला आणि आरोळीची वाट बघत बसलो. दाराकडची खुर्ची रिकामी होती.