हँडल शिपायानं फिरवलं

बाईंचं चरित्र छापायचं चाललंय. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर प्रकाशनाचा समारंभ आहे म्हणे. ते लिहिणारे प्राध्यापक परवा नोएडाला माझ्या घरी आले, बाईंच्या आकडेमोडीची जुनी वही मागायला. बाईंनी जायच्या आधी ती माझ्या हातात दिली होती. प्राध्यापकांनी मजकूर वाचून दाखवला. त्यात मी एका ओळीत होतो : शिपाई चहापाणी बघत असे.

मी म्हणालो, "ही ओळ राहिली तर वही मिळायची नाही."

मी चौथी शिकलेला. इथं दिल्लीत सरकारी कचेरीत शिपाई लागलो, तेव्हा बाई तिथं गणिती होत्या. पुलावर किती भार पडेल, धरणाची भिंत किती सोसेल, असली गणितं एका फटक्यात सुटत नाहीत. अंदाज धरायचा आणि पायरीपायरीनं सुधारत न्यायचा. बाईंनी त्याच्या नव्या रीती काढल्या. आकडेमोड हँडल फिरवायच्या यंत्रावर. त्यांचा दंडक होता, प्रत्येक गणित दोघांनी करायचं, एकमेकांकडे पाठ करून. एक ऑपरेटर रजेवर गेला तेव्हा त्यांनी मला बसवलं.

आठवड्यानं उत्तरं जुळेनात. "और बिठाओ चपरासी को," दुसरा ऑपरेटर हसला. साहेब मला उठवायलाच आले. बाई म्हणाल्या, "थांबा. आधी पाहू तरी." दुपारभर दोन्ही कागद तपासले. शेवटी पाच आला की तो सोडताना मी आधीचा आकडा दर वेळी एकानं वाढवत होतो. ऑपरेटर कधीच वाढवत नव्हता. शेकडो पायऱ्यांत राईचा पर्वत झाला होता.

"दोघंही चुकलात," बाई म्हणाल्या. "आधीचा आकडा विषम असेल तरच वाढवायचा. मग कधी वाढतो, कधी नाही, आणि चूक साचत नाही."

मला उठवलं नाही. बारकी चूक वाढते कशी, यावर बाईंनी पुढं आयुष्य घातलं. परदेशातून लोक शिकायला आले. संगणक आला, त्याचं पहिलं उत्तरही त्यांनी त्याच वहीत मी काढलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं.

काल प्राध्यापक पुन्हा आले. "काका, बदललं. आता 'गणनसहायक' लिहिलंय. बिल्कुल सन्मानानं."

"सहायक मी कधीच नव्हतो. शिपाई लिहा. शिपायानं हँडल फिरवलं. चुकला, तेही लिहा."

"चूक कशाला? चरित्रात बरं दिसत नाही."

"बाईंनी चुकीवरच तर नाव काढलं. खोडा."

माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी खोडलं, नवं लिहिलं. मी अक्षर लावत वाचलं. मग काय वाचलं ते न सांगता सुनेला बोलावलं, तिच्याकडून वाचून घेतलं. दोघांचं जुळलं, तेव्हा वही ठेवलेली ट्रंक उघडली.