वामनराव आणि मान वळवणारा पोरगा

नेरच्या बाजार समितीत वामनराव कापसाचा लिलाव पुकारायचे. गाडीभोवती व्यापारी उभे राहत आणि मधोमध वामनराव घसा ताणत. व्यापारी तोंडाने बोली लावत नसत. कोणी भुवई उचले, कोणी मान तसूभर हलवी, आणि वामनराव ती हालचाल हवेतच झेलून पुढचा आकडा पुकारत. माशी बसली म्हणून मान झटकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गळ्यात त्यांनी एकदा अख्खी गाडी घातली होती. वर त्यालाच म्हणाले, "माशी होती हे दाखवा!"

या कामात त्यांना एक सिद्धांत गवसला होता. ज्याला जो माल हवा असतो, तो त्या मालाकडे मान वळवून कधीच पाहत नाही. शेजारच्या गाडीकडे पाहील, आभाळाकडे पाहील, स्वतःच्या चपलेकडे पाहील, पण मालाकडे नाही. हा नियम ते बाजाराबाहेर, सगळ्या मानवजातीला लावत.

त्या वर्षांत आमच्याकडे कापसाला भाव नव्हता, संशयाला होता. बियाणं खोटं निघे, फवारणीच्या डब्यात पाणी निघे आणि पाहणीला आलेली माणसं पाहून निघून जात. सगळा तालुका तेव्हा नव्याने संशय घ्यायला शिकत होता. वामनराव आधीपासूनच घेत असल्यामुळे जाणकार ठरले. भाव वाढेल म्हणून त्यांनी स्वतःच्या वावरातला कापूस घरातच भरला होता. मधली खोली आढ्यापर्यंत पांढरी, आणि तिचा उतार थेट बैठकीत आलेला. पाहुणे कापसाला पाठ टेकून बसत आणि अंग खाजवत घरी जात.

अशा घरात सलोनीला, म्हणजे वामनरावांच्या एकुलत्या एक मुलीला, पाहायला यवतमाळचे चंद्रशेखर मुलाला घेऊन आले. कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. त्यांचा मुलगा सलील बंगळुरूला लढाऊ विमानांच्या वैमानिकांची हेल्मेटं तपासण्याचं काम करायचा. मुलगा सरळ होता, पण त्याला एक खोड होती. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून काही पाहतच नसे. चिवड्याकडे पाहायचं झालं तरी अख्खी मान वळवायचा. सलोनी चहा घेऊन आली तेव्हा तर त्याची मान तिच्याबरोबर दारापासून टेबलापर्यंत आली आणि टेबलापासून दारापर्यंत परत गेली.

पाहुणे फाटकाबाहेर पडले आणि वामनराव म्हणाले, "पोरगा लबाड आहे."

"काहून?" विमलताईंनी कपबशा उचलत विचारलं. वामनरावांबरोबरचा संसार एवढा जुना झाला होता की त्यांना आता दचकायला होत नसे.

"पोरीकडं उघड पाहून राह्यला होता. म्हंजे पोरगी नाई पाहिजे त्याले. आन् खिडकीकडं एकदाही मान गेली नाई. खिडकीतून काय दिसते? आपलं रोडवरचं वावर!"

"खिडकी कापसानं बुजली आहे, अहो."

"तेच तं! न दिसणाऱ्या वावराकडंही पाह्यला नाई तो! किती सांभाळून!"

सलोनीला मुलगा आवडला होता. तिने ते आईला सांगितलं आणि वडिलांनाही सांगितलं. वडील म्हणाले, "विचार करू." त्यांच्या विचारात यापूर्वी दोन चांगली स्थळं विरघळून गेली होती. सलीलची सुटी संपत आली होती आणि चंद्रशेखरांना दुसरीकडूनही बोलावणं आलं होतं. सलोनी जेवणावरून उठून जायला लागली तेव्हा विमलताईंनीच सलीलला फोन केला. "बापू, एकदा येऊन जा. यायले तुमची मान समजावून सांगा."

सलील दुसऱ्याच दिवशी दुपारी मोटरसायकलवर आला. वामनरावांनी त्याला समोर बसवलं.

"तुमी मान अशी काहून फिरवता? उसण हाय का?"

"नाही काका, सवय आहे. दिवसभर ते हेल्मेट घालून बसतो ना. वैमानिकाचं डोकं कुठं वळलं ते विमानाला क्षणोक्षणी कळत असतं. आसनामागून चुंबकीय क्षेत्र सोडतात, हेल्मेटमधलं यंत्र ते ओळखतं. तो जिकडे मान वळवेल तिकडे क्षेपणास्त्राचा नेम जातो. आम्ही मान फिरवून फिरवून ते बरोबर चालतं का तपासतो."

वामनराव खुर्चीच्या कडेवर आले. "मानेवर पाळत? सरकारची?"

"विमानाची, काका."

"आन् शिंक आली तं?"

"नुसती मान वळून काही सुटत नाही. बटन दाबावं लागतं."

"आमच्याकडं नाई लागत," वामनराव पुटपुटले. बहुधा त्यांना माशीवाला व्यापारी आठवला असावा. मग म्हणाले, "सांगणं सोपं हाय. दाखवा."

सलीलने मोटरसायकलचं हेल्मेट आणलं आणि त्यावर विमलताईंची बॅटरी उपरण्याने बांधली. सगळे कापसाच्या अंधाऱ्या खोलीत ढिगाच्या कडेकडेने शिरले. सलील मान वळवे तसा उजेडाचा गोल पांढऱ्या ढिगावरून फिरे.

"तुमी शिकून आले. मले द्या," असं म्हणून वामनरावांनी हेल्मेट डोक्यात घातलं आणि लबाडी पकडायला सलीलकडे रोखून पाहिलं. उजेड सलीलवर न पडता पलीकडे टांगलेल्या फवारणीच्या पंपावर पडला.

"पाह्यलं! मी याच्याकडं पाह्यतो, हे भलतीकडं दाखवते! सारी बनवाबनवी!"

"अजून जुळवलं नाही, काका. वैमानिकसुद्धा आधी ठरलेल्या एका खुणेकडे पाहतो आणि यंत्राला सांगतो की हे सरळ. त्याशिवाय सगळं तिरपंच दिसतं. तुम्ही कशाकडे तरी पाहा, मी बॅटरी तिथं आणतो."

"कायच्याकडं?"

"जे हलणार नाही. आणि ज्याच्याबद्दल तुम्हाला शंका नाही."

वामनरावांनी चौफेर मान फिरवली. दाराबाहेरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. तराजू तर त्यांनी स्वतः दोनदा खोलून पाहिला होता. कापसाचा भरवसा त्या सालात कोणालाच नव्हता. विमलताई हळूच म्हणाल्या, "सापडते का काई?"

"बाबा, माह्याकडं पाहा," सलोनी म्हणाली. ती ढिगाला पाठ लावून उभी राहिली, अगदी स्थिर.

वामनरावांनी पाहिलं. सलीलने उपरण्याची गाठ सैल करून बॅटरी सरकवली आणि उजेड सलोनीच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. तिचे डोळे दिपले, पण तिने ते मिटले नाहीत. या साऱ्या प्रकरणात वामनरावांनी मुलाची मान मोजली होती, त्याच्या बापाचा शर्टही निरखला होता. पोरीच्या तोंडाकडे मात्र ते आत्ता पहिल्यांदा पाहत होते.

"रडली का तू?"

"कापूस गेला डोळ्यात."

"खोटं बोलून राह्यली."

"मग तुमीच पाहा ना."

वामनराव बराच वेळ पाहत राहिले. मग बाजारात कधी निघत नसे अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुले पाहिजे का हा पोरगा?"

सलोनीची फक्त मान हलली, तसूभर. हजार व्यापाऱ्यांत कोणाला कळली नसती एवढीच.

"हलली," वामनराव म्हणाले. "मी पाह्यली. आता मागं नाई घेता येत."

विमलताईंनी पदराचा बोळा तोंडाशी नेला. सलीलने मान पूर्ण वळवून आधी त्यांच्याकडे, मग सलोनीकडे पाहिलं, आणि या वेळी वामनरावांनी त्याला पाहू दिलं.

निघताना सलीलने हेल्मेटकडे हात नेला, तर सासरेबुवांनी ते काखेत घट्ट धरलं होतं.

"हे इथंच राहू द्या, जावाई. रविवारी तुमच्या बापाले बोलावलं हाय ना बोलणीले?"

"हो. पण हे कशाला?"

"त्यायले घालून पाह्यतो."