भाजक्या तांदळातली भिंगं

बस्त्यावमामाला मी चोर समजलो होतो. नुसता समजलो नव्हतो, तसं लेखी दिलं होतं. सही करून.

त्यामुळे गेल्या महिन्यात शाळेतून शिपायाचा फोन आला, "सर, आपलो बस्त्यावमामा गेलो," तेव्हा दुःखाच्या आधी मनात एक जुना प्रश्न आला... त्याला त्या पत्राचं कळलं होतं का? सांगायला लाज वाटते. पण ज्याच्याबद्दल लिहितोय तो माणूस थाप लगेच ओळखायचा, म्हणून सांगून टाकतो.

बस्त्याव आमच्या शाळेचा प्रयोगशाळा परिचर. शाळा मालवणहून तारकर्लीकडे जाताना लागते, दर्याच्या इतकी जवळ की लोखंडी तिवई दोन पावसांत गंजून पाय टाकते. मी कुडाळचा, नवा मास्तर, खाऱ्या हवेशी ओळख फक्त रविवारची. पहिल्याच आठवड्यात दहावीच्या वर्गासमोर काचेची नळी तापवून झकास वाकवली, टेबलावर ठेवली आणि दोन मिनिटांनी कौतुकाने तीच उचलली. पुढचे चार दिवस खडू डाव्या हातात. बस्त्यावने माझी बोटं नळाखाली धरली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, गरम काच आणि थंड काच दिसाक एकसारखीच. आधी उलटो हात लांबसून धरून बघूचो. मगे उचलूची."

त्याची सगळी विद्या अशी संशयाची होती. बाटलीवरचं लेबल तो पेन्सिलीने लिहायचा आणि वरून मेणबत्ती घासायचा, कारण दमट हवेत शाई पळते. ओतताना लेबल तळहाताकडे, म्हणजे ओघळ अक्षरांवर येत नाही. कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला काचेचं बूच त्याने कधी लावू दिलं नाही. चिकटलं की बाटली फोडायचीच पाळी. आग विझवायच्या बादलीतल्या वाळूवरही त्याचा भरवसा नव्हता. किनाऱ्यावरची वाळू तीन पाण्यांनी धुऊन, पत्र्यावर कडक वाळवून मगच भरायचा. मीठ ओल ओढतं, आणि सोडियम पेटलं तर ओली वाळू म्हणजे आगीत तेलच. एकदा मी हुशारी करून दर्यावरून थेट घमेलं भरून आणलं. त्यातून एक जिवंत कुर्ली नांग्या उगारत तिरकी चालत बाहेर आली. बस्त्यावने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हिका पण आग इझवूक येता काय?"

तर असा हा संशयी माणूस, आणि संशय घेतला मी त्याच्यावर. पहिल्याच जुलैत कांद्याचा पापुद्रा दाखवायला सूक्ष्मदर्शकांच्या पेट्या उघडल्या, तर तिघांची तोंडं बोळकी. वरची भिंगं नाहीत, खालची नाहीत.

"आसत," बस्त्याव म्हणाला.

"खंय?"

"व्हयी आसतील तर आदल्या दिवशी सांगा. हाडतंय."

आदल्या दिवशी? आणतो म्हणजे कुठून? त्या दिवसापासून मी त्याच्या कापडी पिशवीवर नजर ठेवली. जाताना फुगलेली आहे का, येताना हलकी आहे का... पुढे कळलं की त्याचा मेव्हणा कुडाळात चष्म्याचं दुकान चालवतो. शोध लागल्यावर शास्त्रज्ञाला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. डोळे ठणठणीत असताना मी त्या दुकानात जाऊन नंबर तपासून घेतला, काउंटरमागे आमची भिंगं दिसतात का बघायला. भिंगं दिसली नाहीत. नंबर मात्र निघाला.

मग मी मुख्याध्यापिका बाईंना पानभर पत्र दिलं: 'परिचर शाळेची भिंगे घरी नेत असून त्यांचा अन्यत्र वापर होत असल्याचा दाट संशय आहे.' बाईंनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पत्र खणात टाकलं. "बघते." तेवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! पुढच्या प्रयोगाला बस्त्यावने भिंगं आणली तेव्हा त्यातलं एक मी हळूच माझ्या कपाटात कुलूपबंद केलं. एक तरी वाचवू.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं. भिंगाच्या आत पांढरी जाळी, कोळ्याने विणावी तशी. त्याच दिवशी बस्त्याव बाकीची घेऊन आला. सगळी लख्ख, आणि त्याच्या पिशवीला धुराचा वास. माझं भिंग उजेडात धरून म्हणाला, "बुरशी. काचेक पण लागता, सर. बंद कपाट म्हणजे तिचा माहेर." त्याच्या घरी चुलीवरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात ओल ओढून घ्यायला भाजलेले तांदूळ आणि तांदळात पुरलेली भिंगं, पावसाळाभर. दर पंधरा दिवसांनी तांदूळ पुन्हा भाजायचे.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलात खंय? तुमी पिशवी बघी होतास."

म्हणजे पिशवीचं त्याला कळलं होतं. आणि पत्राचं? मी धावत बाईंकडे गेलो, पत्र परत मागितलं. "सापडत नाही," एवढंच म्हणाल्या. तिथून माझे दुसऱ्या संशयाचे दिवस सुरू झाले. नाताळात त्याने घरच्या गोड नेवऱ्या पाठवल्या की वाटे, कळलंय, लाजवतोय. नाही पाठवल्या की वाटे, आत्ता कळलं! विचारायचं धाडस मात्र झालं नाही... बारा पावसाळे त्याच्याबरोबर काम केलं आणि त्याच्या प्रत्येक साध्या वाक्याला उलटा हात लावून बघत राहिलो. तो निवृत्त झाल्यावरही दर जूनमध्ये भिंगं मीच त्याच्या घरी पोचवायचो. आमच्याकडे गॅस, चूल कुठली? या जूनमध्येही पोचवली. दारातच भिंगं हातात घेऊन म्हणाला, "मोजून घेतल्यात मां, सर?" आणि हसला. परतीच्या वाटेवर मी त्या हसण्याचाच विचार करत होतो.

परवा चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. नंतर मी घरी गेलो. त्याच्या बायकोने, इसाबेलबायने, न विचारताच फळीवरून डबा काढला. तो गेल्यावरही तिने दोनदा तांदूळ भाजले होते. सुपात ओतले, फडक्यात गुंडाळलेली भिंगं एकेक करून माझ्या हातात दिली. सगळी लख्ख. डब्याच्या तळाशी एक कागद घडी करून बसवला होता, धगीने तांबूस झालेला. अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

"बाईनी त्याच दिवशी दिल्यानी त्येका," ती म्हणाली. "जाड कागद, बरो आसा, म्हणान तळाक घातल्यान."

"म्हणजे... मामांनी वाचलं होतं?"

"वाचल्यान तर! दरवर्षी डबो भरताना माका वाचून दाखवायचो. म्हणायचो, ह्या मास्तराक गरम काच वळखूक येणा नाय, तो माणूस काय वळखतलो!"